पोर्तुगीज शिकताना आधी कान तयार करा

प्रश्न रत्नागिरीच्या एका फिजिओथेरपिस्ट वाचकाचा आहे. नवऱ्याला पोर्तुगालच्या पोर्तो शहरात नोकरी लागली आहे आणि वर्षभरात त्यांनाही तिकडे जायचं आहे. मोबाइलच्या ॲपवर पाच महिने नेमाने धडे केले. शब्द बरेच ओळखीचे झाले, वाचताना अंदाजही येतो. पण पोर्तुगालचा रेडिओ लावला की एक वाक्य धड कळत नाही, आणि बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही. रोज तासभर देता येईल. चुकतंय कुठे आणि पुढे काय करावं, असं त्या विचारतात.

अभ्यासात तुम्ही कमी पडलेल्या नाहीत. पाच महिने शिकलात ब्राझीलची पोर्तुगीज आणि ऐकायला गेलात पोर्तुगालची. बहुतेक लोकप्रिय ॲपवर ब्राझीलचीच असते, ड्युओलिंगोवर तर फक्त तीच आहे. त्यात नवल नाही, ब्राझीलची लोकसंख्या वीस कोटींवर आणि पोर्तुगालची जेमतेम एक कोटी. दोन्हीकडचं व्याकरण मुळात एकच आहे, आणि १९९०च्या लेखनकरारानंतर लेखनही बरंच जवळ आलंय. फरक पडतो तो कानावर.

ब्राझीलचा माणूस स्वर मोकळे सोडतो. पोर्तुगालचा माणूस ज्या स्वरावर जोर नाही तो अर्धा गिळतो, कधी सगळाच. 'माफ करा' याला लिहिताना 'देस्कुल्पे' लिहितात. ब्राझीलमध्ये ते 'देस्कुउपी' असं ऐकू येतं, पोर्तुगालमध्ये 'दश्कुल्प'. कागदावरचं 'तेलेफोने' लिस्बनमध्ये 'त्लफॉन' होतं. त्यात पोर्तुगालचे लोक शब्दाच्या शेवटच्या स चा श करतात, म्हणून 'एस्तास' म्हणजे 'आहेस' हे 'श्ताश' होऊन येतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही भाषा रशियन वाटते ती यामुळेच. उलट ब्राझीलमध्ये 'दि' चा बऱ्याच ठिकाणी 'जि' होतो. तुम्ही 'बों जीअ' पाठ केलं असणार. पोर्तोत सकाळी कानावर पडेल 'बों दीअ'.

रोजचे शब्दही वेगळे. रेल्वे तिकडे ब्राझीलमध्ये 'त्रेंय', इकडे पोर्तुगालमध्ये 'कोंबॉयु'. बस तिकडे 'ओनिबुस', इकडे 'आउतोकार्रु'. मोबाइल तिकडे 'सेलुलार', इकडे 'तेलेमॉव्हेल'. 'मी बोलतेय' हे ब्राझीलमध्ये 'एस्तो फलांदु', पोर्तुगालमध्ये 'श्तो अ फलार'. 'रपरीग' हा पोर्तुगालमध्ये मुलीसाठीचा साधा शब्द आहे, ब्राझीलच्या काही भागांत तो शिवीसारखा लागतो. एवढंच लक्षात ठेवा, घाबरायचं कारण नाही.

तेव्हा पहिला निर्णय: आजपासून तोंडात पोर्तुगालचीच. ऐकायला ब्राझीलची चालेल. पोर्तुगालमध्ये राहणाऱ्या परदेशी लोकांत सगळ्यात जास्त ब्राझीलचेच आहेत, त्यामुळे दुकानात, बसमध्ये ती रोज कानावर पडेल आणि तुमचे पाच महिने तिथे वसूल होतील. पण स्वतः बोलताना दोन्हींची खिचडी करू नका. नवशिक्याच्या तोंडी ती गोंधळाची होते आणि मग सुटत नाही.

आता कानाचं काम. तुमच्या तासातला अर्धा तास, निदान पहिले तीन महिने, यालाच द्या. बातम्या आणि मालिका सध्या बाजूला ठेवा. पार्श्वभूमीला पोर्तुगीज लावून पोळ्या लाटल्याने भाषा येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वीस-तीस सेकंदांचा छोटा संवाद घ्यायचा, ज्याचा मजकूर सोबत आहे असा. पोर्तुगाल सरकारने स्थलांतरितांसाठी केलेला मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, 'प्लाताफॉर्म द पुर्तुगेश ओनलाइन' नावाचा. 'प्रॅक्टिस पोर्तुगीज' या पॉडकास्टवरही असे छोटे संवाद मिळतात. मजकूर झाकून तीन-चारदा ऐका आणि जे कानावर पडलं ते देवनागरीत लिहा. अर्थ लागला नाही तरी लिहा. मग मजकूर उघडा आणि दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवा.

एक वाक्य घेऊन दाखवते. 'फार्मसी कुठे आहे?' यासाठी छापलेलं असतं 'ओंदे ए के फीका आ फार्मासिआ'. सहा सुटे शब्द. वर्गात नवीन विद्यार्थी हे ऐकून वहीत लिहितात: 'ओंद्यॅक फीकफर्मासिअ'. म्हणजे कानाला सहा शब्द आलेच नाहीत, दोन गठ्ठे आले. आता मजकुरावर पेन्सिलीने खुणा करा: कुठला स्वर गिळला, कुठला शब्द पुढच्याला चिकटला. मग ध्वनिफितीबरोबर, तिच्याच वेगाने, मोठ्याने म्हणा. सलग तीन दिवस तोच संवाद. चौथ्या दिवशी दुसऱ्या कुठल्या संवादात 'ओंद्यॅक' आलं की ते तुम्हाला एकच शब्द असल्यासारखं ओळखू येईल आणि लक्ष पुढे जाईल, कुठे काय विचारलंय तिकडे. रेडिओ कळत नव्हता त्याचं कारण हेच होतं. शब्द तुम्हाला येत होते, पण तुम्ही त्यांना सुटे शोधत होता.

देवनागरीत लिहायला सांगते त्यावर काही शिक्षक नाक मुरडतात. मी सांगते, कारण रोमन अक्षरं डोळ्यांसमोर आली की आपल्या डोक्यात इंग्रजी वाजायला लागते. 'टी' दिसला की ट, 'डी' दिसला की ड. पोर्तुगीजमध्ये ट-ड नाहीतच, आपले दंत्य त आणि द आहेत. इंग्रज विद्यार्थ्याला हे त-द कमवायला वेळ लागतो. आपण जन्मतःच ते घेऊन आलोय आणि इंग्रजी शाळेच्या सवयीने घालवतो. शिवाय आपल्या लिपीत ऑ आणि ॲ आहेत, आणि पोर्तुगीजला त्यांची फार गरज पडते. आजोबा म्हणजे 'अवो', आजी म्हणजे 'अवॉ'. फरक फक्त ओ आणि ऑ चा. मात्र ही सवय सहा-सात आठवड्यांची. पुढे सरळ पोर्तुगीज लेखनावर यायचं, नाहीतर वाचन मागे राहतं.

लेखन बरंच नियमात चालतं. जोर साधारणपणे शेवटून दुसऱ्या अक्षरावर. शब्द एल, आर, झेड, आय किंवा यू ने संपत असेल तर शेवटच्या अक्षरावर. याहून वेगळं काही असलं तर स्वरावर खूण दिलेली असते. हा नियम एका संध्याकाळी पाठ करा. एक्स हे अक्षर मात्र चार तऱ्हांनी वाजतं (श, स, ज़, क्स) आणि त्याला फारसा इलाज नाही. शब्द भेटेल तसं शिकायचं.

उच्चारात मराठी माणूस तीन ठिकाणी हमखास अडकतो. पहिलं, नाकातले स्वर. 'हो' म्हणजे 'सीं', 'छान' म्हणजे 'बेंय'. आपण शेवटी ओठ मिटून 'सिम', 'बेम' करतो. हिंदीतलं 'हाँ' आणि 'नहीं' म्हणताना ओठ मिटतात का? नाही ना, तेच इथे करायचं. मालवणी किंवा कोकणी कानावर असेल तर हे पटकन जमतं. रत्नागिरीकरांना याचा थोडा फायदा आहे. दुसरं, शब्दाच्या शेवटी येणारं 'आँउ'. 'नाही' म्हणजे 'नाँउ', पाव म्हणजे 'पाँउ'. आपल्या पूर्वजांच्या कानाला ते 'आव' असं ऐकू आलं, म्हणून 'पाँउ'चा पाव झाला आणि 'लेइलाँउ'चा लिलाव. तिसरं, श चा घोष जोडीदार. 'आज' म्हणजे 'ओझ' आणि 'आत्ता' म्हणजे 'झा', पण हा झ 'माझा'तला नाही आणि 'झेंडा'तलाही नाही. गळ्यावर बोटं ठेवून लांब 'श्श्श' म्हणा, जीभ जागची न हलवता त्यात आवाज मिसळा. बोटांखाली थरथर जाणवली की तो ध्वनी आला.

लिलावावरून आठवलं. मराठीतल्या पोर्तुगीज शब्दांची यादी (बटाटा, चावी, घमेलं, बिजागरी, पिंप, नाताळ, पगार) सगळेच उत्साहाने पाठवतात. मजा येते, पहिल्या दिवशी धीरही येतो. पण अभ्यास म्हणून तिचा उपयोग एका संध्याकाळपुरता. 'पगार' हे तिकडे 'पैसे देणे' या अर्थाचं क्रियापद आहे, तुमच्या पगाराला ते 'सलारिउ' म्हणतील. असंच कोणीतरी सांगतं की रेवदंड्याजवळ कोर्लईला जा, तिथे पोर्तुगीज बोलतात. कोर्लईची बोली पोर्तुगीजमधून निघाली आणि मराठीच्या शेजारात वाढली, पण ती स्वतंत्र भाषा आहे. ऐकायला जरूर जा. पोर्तोची तयारी तिथे होणार नाही.

व्याकरणाबद्दल एकच आग्रह: ते इंग्रजीमार्गे शिकू नका. पुस्तक इंग्रजीत असलं तरी प्रत्येक नियमापाशी थांबून 'हे मराठीत कसं म्हणतो?' हे विचारा. तुम्ही कॅफेत गेलात तर 'मला कॉफी पाहिजे' असं थेट म्हणणार नाही, 'एक कॉफी हवी होती' म्हणाल. भूतकाळ वापरून मऊ केलेली मागणी. पोर्तुगीज माणूस हुबेहूब तेच करतो: 'क्रीअ उँ कफॅ'. लिहिताना ते 'केरिआ', 'हवं होतं'. इंग्रजी पुस्तक त्यासाठी अर्धं पान खर्च करतं.

लिंगाचंही तसंच. वस्तूंना लिंग असतं, विशेषण त्याप्रमाणे बदलतं, ही कल्पना आपल्याला शिकवावी लागत नाही. 'मी दमले' आणि 'मी दमलो' म्हणणाऱ्याला हेही चटकन कळतं की बाईने 'ओब्रिगाद' म्हणायचं आणि पुरुषाने 'ओब्रिगादु'. आपल्याला तीन लिंगं, त्यांना दोन. फक्त मराठीतलं लिंग तिकडे नेऊ नका: पुस्तक पुल्लिंगी आहे, घर स्त्रीलिंगी, पाणी स्त्रीलिंगी. नाम लिहिताना आधीचं 'उ' किंवा 'अ' हे उपपद लावूनच लिहा, सुटं नाम वहीत नकोच. लेखनात ओ ने संपणारं बहुधा पुल्लिंगी आणि आ ने संपणारं स्त्रीलिंगी. 'दीअ' (दिवस), 'माप' (नकाशा), 'प्रुब्लेम' हे पुल्लिंगी अपवाद आणि 'माँउ' (हात) हा स्त्रीलिंगी, एवढे आधी पाठ करा.

'असणे' यासाठी दोन क्रियापदं आहेत, 'सेर' आणि 'श्तार', आणि इथे सगळे गडबडतात. मराठीतला 'असतो' आणि 'आहे' यांतला फरक अर्धी वाट काढून देतो. 'तो शांत असतो' म्हणजे स्वभाव, तिथे सेर. 'तो आज शांत आहे' म्हणजे आजची अवस्था, तिथे श्तार. पण पूर्ण भिस्त यावर ठेवू नका: 'मी फिजिओथेरपिस्ट आहे', 'मी रत्नागिरीची आहे', 'ही माझी बहीण आहे' या सगळ्यांना मराठीत 'आहे' असूनही पोर्तुगीजमध्ये सेर लागतं. इमारत, रस्ता, गाव कुठे आहे ते सांगायला 'फिकार' वापरा. मघाच्या फार्मसीच्या वाक्यात तेच होतं.

मराठीची सवय नडते ती 'मला' मध्ये. 'मला कॉफी आवडते' यात आपण कर्ता कॉफीला करतो; पोर्तुगीजमध्ये आवडणारी व्यक्ती कर्ता असते आणि मध्ये 'द' लागतं: 'गॉश्तु द कफॅ'. 'मला भूक लागली' हे 'तेञु फॉम', शब्दशः 'माझ्याकडे भूक आहे'. वयही तसंच, 'माझ्याकडे इतकी वर्षं आहेत'. हे साचे पाठच करायचे. पण तुमच्या कामाचं एक वाक्य मराठीच्या जवळचं आहे. 'दॉइ-म उ ब्रासु' म्हणजे 'माझा हात दुखतो', यात कर्ता हात आहे, आपल्यासारखाच. अनेकवचनी पाठीला ('अश कॉश्तश') ते 'दॉएंय-म' होतं.

क्रियापदांचे तक्ते भिंतीवर लावू नका, कोणी ते वाचत नाही. सेर, श्तार, तेर (जवळ असणे), इर (जाणे), करेर (हवं असणे), पुदेर (शकणे), फज़ेर (करणे), दिज़ेर (म्हणणे), वेर (बघणे), सबेर (माहीत असणे), प्रसिज़ार (गरज असणे), गुश्तार (आवडणे), फिकार. ही तेरा घ्या. यांचा वर्तमानकाळ आणि साधा भूतकाळ पक्का करा, आणि भविष्यासाठी 'वो' (जाते) लावून मूळ क्रियापद: 'वो फज़ेर', मी करणार आहे. एवढ्या सामानावर माणूस महिनाभर शहरात वावरू शकतो. भूतकाळात एक सूट मिळते. आपण 'आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली' असं कर्माप्रमाणे क्रियापद बदलतो, त्यांच्याकडे दोन्हींना 'कुमी'च. आणि सेर व इर यांचा भूतकाळ एकच आहे: 'फुइ' म्हणजे 'मी होते' आणि 'मी गेले'ही. संदर्भाने कळतं, कधी अडत नाही.

आदरार्थाचा भाग तुमच्या पेशामुळे जरा आधी शिका. मित्रमंडळी आणि घरच्यांना 'तु'. ब्राझीलमध्ये सर्रास चालणारं 'वोसे' पोर्तुगालमध्ये उच्चारून वापरलं तर अनेकांना खटकतं, तोडून बोलल्यासारखं वाटतं. अनोळखी आणि वडीलधाऱ्यांना 'उ स्ञोर', 'अ स्ञोर' म्हणायचं आणि क्रियापद तृतीयपुरुषी ठेवायचं. 'उ स्ञोर पॉद लवंतार उ ब्रासु?' म्हणजे 'आपण हात वर करू शकता का?' आपलं 'साहेबांना चहा चालेल का?' याच वळणाचं आहे. वयस्क बाईंना 'दोन' ही आदराची उपाधी लावून पहिलं नाव घेतात. तुमच्या रुग्णांत अशा दोना बऱ्याच असतील.

शब्दांसाठी अंकी हे पत्त्यांवरून शब्द घोटून घेणारं ॲप पुरेसं आहे, अँड्रॉइड फोनवर आणि संगणकावर ते मोफत आहे. रोज आठ-दहा नवीन, जास्त नकोत, आणि प्रत्येक शब्द छोट्या वाक्यात. पत्त्याच्या एका बाजूला मराठी ठेवा, इंग्रजी नाही. दुसऱ्या बाजूला शक्य तर ध्वनीही. फोर्वो या साइटवर त्या त्या देशातल्या लोकांनी उच्चारलेले शब्द मिळतात आणि बोलणारा कुठला तेही दिसतं. शब्दकोशासाठी प्रिबेरां. तुमचं जुनं ॲप बंद करा असं मी म्हणणार नाही, प्रवासात चालू द्या. तासाच्या हिशोबात मात्र ते धरू नका.

बोलण्यासाठी आठवड्यातून एकदा पोर्तुगालच्या माणसाशी अर्धा तास ऑनलाइन शिकवणी लावा. पहिल्या तासाला जाण्याआधी तीन वाक्यं जिभेवर हवीत: 'नाँउ पर्सबी' (कळलं नाही), 'पॉद रपतीर?' (पुन्हा सांगाल का?), 'माइश दवगार' (हळू). रत्नागिरीहून पणजी फार लांब नाही. तिथे कामोंइश या पोर्तुगाल सरकारच्या भाषासंस्थेचं केंद्र आहे, पणजीतल्याच फोंताइञश भागात फुंदासाँउ ओरिएंत ही पोर्तुगीज सांस्कृतिक संस्था आहे, गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे. चौकशी जरूर करा. पणजी-मडगावच्या जुन्या घरांतून आजही ही भाषा बोलणारे आजी-आजोबा आहेत, त्यांची पोर्तुगीज शांत आणि ठाशीव असते, नवशिक्याच्या कानाला बरी.

पोर्तोबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. उत्तर पोर्तुगालच्या बोलण्यात व चा ब होतो. वाइन म्हणजे 'वीञु', पण तिथले लोक 'बीञु' म्हणतील. तुम्ही व च म्हणा, ऐकताना मात्र दोन्ही धरा. आणि तुम्ही अडखळलात की समोरचा चटकन इंग्रजीवर येईल, विशेषतः तरुण मुलं. त्यात अपमान काही नाही, पण तुम्ही पोर्तुगीज सोडू नका. म्हाताऱ्या दुकानदारांकडे, भाजीबाजारात, खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे जास्त शिकायला मिळतं.

परीक्षेचं शेवटी घेते, कारण नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये. पोर्तुगालची परीक्षा लिस्बन विद्यापीठाचं काप्ले हे केंद्र घेतं. ए-२ पातळीची (युरोपात भाषेच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या मोजतात, त्यांतली दुसरी) ती सिप्ले, त्यात वाचन-लेखन, श्रवण आणि संभाषण असे तीन भाग असतात. पुढे कधी नागरिकत्वाचा अर्ज केलात तर ए-२चा पुरावा लागतो. सेल्पे-ब्रास नावाची परीक्षा ब्राझीलची आहे आणि तिच्यात सुरुवातीच्या पातळीचं प्रमाणपत्रच नाही, तिकडे वळू नका. रोज तासभर नीट दिला तर आठ-दहा महिन्यांत ए-२ला पोचता येतं, असा माझा वर्गातला अनुभव आहे. रुग्ण तपासायला मात्र ए-२ पुरणार नाही. त्यासाठी बी-२ डोळ्यांपुढे ठेवा आणि पदवीच्या मान्यतेचं काम समांतर सुरू करा. तिथे फिजिओथेरपिस्टांची स्वतःची व्यावसायिक परिषद आहे, नियम त्यांच्याकडूनच विचारून घ्या.

इथून परीक्षा देऊनच जायला हवं असंही नाही. पोर्तुगालमध्ये स्थलांतरितांसाठी 'पुर्तुगेश लिंग्व द अकुल्यिमेंतु' नावाचे मोफत वर्ग सरकारी शाळांतून आणि रोजगार संस्थेच्या केंद्रांतून चालतात. त्यांचं ए-२चं प्रमाणपत्र नागरिकत्वासाठी सिप्लेच्या जागी चालतं. जागा लवकर भरतात, म्हणून पोर्तोत उतरल्यावर घर लागलं की पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवा.